वीतभर उघडं लाकूड

चाळीस वर्षं मी पियानो लावतोय.
लिएपायाच्या शाळांतले, चर्चमधले,
त्या एका दातांच्या डॉक्टरच्या दिवाणखान्यातला,
जो कोणीच वाजवत नाही.
तरी त्या मंगळवारी
स्वयंपाकघरातून आलेला आवाज
मला ओळखता आला नाही.

पिपर्स. पिपर्स म्हणजे मिरी.
लांब पाठीचा, आखूड पायांचा, काळा,
नावाइतकाच तिखट.
त्याच्या नखांचं चालणं मला पाठ होतं:
चार ठोके, जरा थांबणं, मग चार.
त्या सकाळी दोनच ठोके आले
आणि मागून खर्रर्र,
ओलं पोतं ओढत आणावं तसं.

मागचा पंजा उलटा पडलेला, वरची बाजू खाली,
आणि त्याला ते ठाऊकच नाही.
माझ्याकडे बघत होता,
हे मीच केलंय आणि आता मीच ते काढून घ्यावं
अशा नजरेनं.

माझ्या कमरेत उसण भरली
की मी दोन दिवस बोंबलतो.
तो काही बोलला नाही.

डॉक्टर इंतानं त्याचं मागचं बोट चिमट्यात धरलं
आणि दाबलं, जोरात.
मी खिडकीबाहेर पाहिलं.
तो केकाटला.
"छान," ती म्हणाली. "दुखतंय. तार तुटलेली नाही."
शस्त्रक्रिया रीगाला. आकडा तिनं कागदावर लिहिला,
मोठ्यानं म्हटला नाही.
त्या आकड्यात जुना, पण चांगला, ग्रँड पियानो येतो.
माझ्याकडे तो आकडा नव्हता.
हे इथे लिहून ठेवतो, कारण कोणी विचारत नाही
आणि मला सांगायचं असतं.

मग सहा आठवडे. पिंजरा, गोळ्या,
उडी नाही, जिना नाही.
माझा जिना एक्केचाळीस पायऱ्यांचा.
तो उचलून उतरायचा.
खाली रस्त्यावर वेल्टाचा लोकरी गळपट्टा
(ती गेली त्या हिवाळ्यात अर्धा राहिलेला,
सुया काढून मीच कशीबशी गाठ मारलेला)
त्याच्या पोटाखालून घालतो
आणि मागचं अर्धं शरीर पिशवीसारखं धरतो.
पुढचं अर्धं त्याचं तो चालवतो.
खालच्या मजल्यावरची आउस्मा विचारते,
"दोघांत मिळून सहा पाय, त्यातले चालू किती?"

समुद्रावरून येणारा इथला वारा कधी पडत नाही.
एरवी पिपर्स पाय उचलून त्याला उत्तर द्यायचा.
आता त्याच्या पोटावर मी दोन्ही हात ठेवतो,
इंतानं शिकवलं तसं दाबतो, हळू, मागच्या बाजूला,
आणि शेवटी धार लागते.
त्या धारेनं मला जो आनंद होतो
तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही.

एकदा ओरडलो त्याच्यावर. रात्रीचे तीन,
तिसरी चादर.
"बस झालं आता," असं काहीसं.
त्यानं कान पाडले,
मान वळवून स्वतःच्याच मागच्या अंगाकडे पाहिलं,
जणू चूक तिथल्या कुणाची तरी होती.
उरलेली रात्र मी पिंजऱ्याशेजारी जमिनीवर काढली.
सकाळी मलाच कोणीतरी
गळपट्टा घालून उठवायला हवं होतं.

एकोणिसाव्या दिवशी शेपटी हलली.
फक्त टोक. मी राईचा पाव कापत होतो.
सुरी खाली ठेवली. पुन्हा हलते का पाहिलं.
नाही हलली.
दोन दिवसांनी हलली.

आता डावा पाय आलाय.
उजवा येतो, विसरतो, येतो.
इंता म्हणते, कदाचित एवढंच.
पियानोतही प्रत्येक पंचम आम्ही केसभर उतरवून ठेवतो,
नाहीतर बाकीचे स्वर जुळत नाहीत,
हे मी गिऱ्हाइकांना समजावत आलोय.
स्वतःला समजावताना तितकंसं पटत नाही.

घसरू नये म्हणून घरभर चटया घातल्यात,
आउस्माच्या दोन, न्हाणीतली एक.
घर एकदम मुकं झालंय.
दाराजवळ तेवढं वीतभर लाकूड
उघडं ठेवलंय.
बाहेर निघताना तो त्यावरून जातो:
टक्, टक्, टक्,
आणि मी, हातात किल्ली घेऊन,
चौथ्यासाठी थांबतो.